सिंगापूरची चिनी चेंबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूरशी धंदा करणारे, तिथे नोकरीला गेलेले आणि इतिहासाची आवड असलेले मराठी वाचक 'सिंगापूर चायनीज चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री' या संस्थेबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. व्यापारी संघटना म्हटलं की कर कमी करा, परवाने सोपे करा एवढीच मागणी करणारी मंडळी डोळ्यांसमोर येतात. ही चेंबर तेही करते. पण तिची थोरवी मला दिसते ती तिने सभासद नसलेल्या माणसांसाठी केलेल्या कामांत. म्हणून काही उत्तरं जरा लांबली आहेत.

ही संस्था नेमकी काय आहे?

सिंगापूरमधल्या चिनी व्यापारी-उद्योजकांची शिखर संघटना. सुमारे ५,००० कंपन्या तिच्या थेट सभासद आहेत. शिवाय एकेका धंद्याचे १५० हून अधिक व्यापारी संघ तिच्याशी जोडलेले आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष पसारा सभासदांच्या आकड्यापेक्षा बराच मोठा आहे. मुख्यालय हिल स्ट्रीटवर, ४७ क्रमांकाच्या इमारतीत. निर्यातदारांना मालाच्या मूळ देशाचा दाखला देणं, व्यापारी शिष्टमंडळं परदेशी नेणं, प्रशिक्षण देणं आणि सरकारपुढे छोट्या-मध्यम उद्योगांची बाजू मांडणं ही तिची नित्याची कामं.

ती कधी आणि कशी सुरू झाली?

१९०६ साली. चीनमध्ये तेव्हा छिंग राजघराण्याची सत्ता होती. दरबाराने १९०३ मध्ये व्यापार मंत्रालय काढलं, पुढच्याच वर्षी व्यापारी मंडळांचे नियम ठरवले आणि समुद्रापार गेलेल्या श्रीमंत चिनी व्यापाऱ्यांना आपल्याकडे वळवायचे प्रयत्न सुरू केले. या कामावर नेमलेले चियाँग फॅट त्झे हे स्वतः बडे व्यापारी. पिनांगमधला त्यांचा निळा वाडा आजही पर्यटक पाहायला जातात. १९०५ च्या अखेरीस ते सिंगापूरला आले आणि तिथल्या पुढाऱ्यांना म्हणाले की बोलीबोलींत विखुरलेले राहू नका, एक मंडळ काढा. दुसऱ्या वर्षी मंडळ उभं राहिलं. गो सिउ तिन पहिले अध्यक्ष झाले.

प्रेरणा एकट्या दरबाराची मात्र नव्हती. अमेरिकेने चिनी मजुरांना दारं बंद केली म्हणून १९०५ मध्ये अमेरिकी मालावर बहिष्कार पुकारला गेला, त्यात सिंगापूरचे व्यापारी उतरले होते. एकत्र आलो तर आपलं वजन पडतं, हा धडा ताजा होता.

सिंगापुरात इंग्रजांची चेंबर होतीच. मग वेगळी कशाला?

होती, १८३७ पासून. सुरुवातीला तिच्यात थोडे आशियाई व्यापारीही होते, पण पुढे ती युरोपीय पेढ्यांचीच झाली. धंद्याची साखळी अशी होती: युरोपीय पेढी विलायती माल उधारीवर चिनी घाऊक व्यापाऱ्याला द्यायची, तो आतल्या गावांतल्या दुकानदाराला द्यायचा आणि त्याच वाटेने मिरी, गांबियर (कातडी कमावायला लागणारा एक प्रकारचा कात), पुढे रबर आणि कथील बंदरावर यायचं. या साखळीत उधारी बुडण्याची जोखीम बहुतेक चिनी माणसाच्या डोक्यावर. कायदा इंग्रजीत, कोर्ट इंग्रजीत, कस्टमचे कागद इंग्रजीत. दोन व्यापाऱ्यांचा तंटा आपल्या भाषेत मिटवणारी आणि गव्हर्नरपुढे आपलं म्हणणं मांडणारी जागा त्यांना हवी होती.

मुंबईत याच काळात हेच घडत होतं. बॉम्बे चेंबर १८३६ ची, इंग्रजी पेढ्यांची. भारतीय व्यापाऱ्यांनी आपली इंडियन मर्चंट्स चेंबर काढली १९०७ मध्ये. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर आली १९२७ ला, आणि पुण्याची मराठा चेंबर १९३४ ला. एकाच साम्राज्याच्या दोन बंदरांत इंग्रजी चेंबर एका वर्षाच्या फरकाने निघाल्या आणि देशी लोकांच्याही एका वर्षाच्या फरकाने. याला मी योगायोग मानत नाही. दोन्हीकडच्या व्यापाऱ्याला जाचणारी गोष्ट एकच होती.

'बांग' हा शब्द सारखा येतो. ते काय प्रकरण आहे?

बांग म्हणजे एका प्रांतातून आलेल्या, एक बोली बोलणाऱ्या लोकांचा गट. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून आलेल्या या माणसांना एकमेकांची बोली कळायची नाही. लग्न, देऊळ, स्मशान, शाळा सगळं आपापल्या बांगेत. आणि धंदाही. होक्किएन लोक रबरात, आयात-निर्यातीत आणि बँकांत. तिओच्यू लोकांचा तांदूळ, गांबियर-मिरी आणि सुकी मासळी. कँटनीज सोनारकाम, सुतारकाम आणि खानावळी बघत. हाक्का गहाणवटीच्या पेढ्या आणि औषधांची दुकानं चालवत. हैनानी लोक सर्वांत उशिरा आले. तोवर चांगले धंदे इतरांनी धरले होते, म्हणून ते साहेबांच्या घरी आणि जहाजांवर स्वयंपाकी झाले. पुढे त्यांनीच गल्लोगल्ली कॉफीची दुकानं थाटली. मशीद बंदर ते काळबादेवी या पट्ट्यात कुठला धंदा कुठल्या समाजाकडे आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही मांडणी समजावून सांगावी लागणार नाही.

चेंबर ही या सगळ्या बांगांना एका टेबलाशी बसवणारी पहिली मोठी संस्था. त्यासाठी कार्यकारिणीच्या जागा बोलीवार वाटलेल्या होत्या. होक्किएनांच्या इतक्या, तिओच्यूंच्या इतक्या, असा हिशेब. संख्येने लहान असलेल्या गटालाही त्यामुळे खुर्ची मिळायची. पुढच्या पिढ्या मँडरिन आणि इंग्रजी बोलू लागल्या, धंद्यांच्या भिंती पडल्या, तेव्हा हा हिशेब लायक माणसाच्या आड येऊ लागला. अखेर १९९३ मध्ये बोलीवार जागा रद्द झाल्या. एवढा उशीर का, असं बरेच जण विचारतात. ज्या वाटणीमुळे घर एकत्र राहिलं, ती मोडायला कोणीही बिचकतं.

चेंबर चीनच्या राजकारणात होती का?

पुरेपूर. जन्म छिंग दरबाराच्या आशीर्वादाने झालेला, आणि त्याच १९०६ साली सिंगापुरातच सन यत-सेन यांनी छिंग सत्ता उलथवण्यासाठी आपल्या क्रांतिकारी संघटनेची शाखा उघडली. समाज दुभंगला. १९११ च्या क्रांतीनंतर क्रांतीच्या बाजूच्या लोकांनी वेगळी चेंबरही काढून पाहिली, पण ती फार टिकली नाही.

शाखा ज्या बंगल्यात सुरू झाली, तो १९३७ मध्ये सहा चिनी व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि जतन करण्यासाठी चेंबरच्या हवाली केला. बादशाहीच्या आश्रयाने निघालेली संस्था बादशाही संपवणाऱ्याच्या स्मारकाची मालक झाली. त्याच वर्षी जपानने चीनवर हल्ला केला आणि चेंबरचं आवार मदतनिधीच्या कामाने गजबजलं. रबर व्यापारी तान का की यांच्या नेतृत्वाखाली १९३८ मध्ये साऱ्या आग्नेय आशियातल्या चिनी मदत समित्यांचा महासंघ सिंगापुरात स्थापन झाला. पैशांबरोबर माणसंही गेली: बर्मातून चीनला जाणाऱ्या बर्मा रोडवर युद्धसाहित्याचे ट्रक हाकायला आणि दुरुस्त करायला ३,००० हून अधिक स्वयंसेवक ड्रायव्हर आणि मेकॅनिक इथून रवाना झाले.

जपानी अमलात काय झालं?

मदतनिधीची किंमत वसूल केली गेली. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि लगेच जपानी सैन्याने चिनी पुरुषांना चौकशीसाठी गोळा केलं. देणगीदार, शिक्षक, पत्रकार, नुसता संशय आलेली पोरं, कितीतरी जणांना ट्रकमध्ये भरून समुद्रकिनाऱ्यावर नेऊन मारलं. हा 'सुक चिंग' हत्याकांडाचा काळ. मृतांचा आकडा जपानी बाजूने ५,००० च्या आसपास सांगितला गेला. चिनी समाजात ५०,००० पर्यंतचे अंदाज आहेत.

वर मलाया आणि सिंगापूरच्या चिनी समाजाने ५ कोटी डॉलरची 'देणगी' द्यावी असा हुकूम निघाला. घरं, दागिने, दुकानं विकून २ कोटी ८० लाख जमले. उरलेले २ कोटी २० लाख एका जपानी बँकेकडूनच कर्जाऊ घेऊन त्याच जपान्यांच्या हाती द्यावे लागले.

चेंबरचं सर्वांत मोठं काम कोणतं?

माझं उत्तर ठाम आहे: नागरिकत्वाची चळवळ. आपल्याकडे तिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

युद्धानंतर सिंगापुरात २ लाखांहून अधिक माणसं अशी होती जी चीनमध्ये जन्मली, पण ज्यांचं आयुष्य या बंदरावर गेलं. हमाल, सांपान म्हणजे छोट्या होड्या चालवणारे, रिक्षा ओढणारे, बांधकामावरच्या बाया, फेरीवाले. ब्रिटिश कायद्याच्या नजरेत ते परके. त्यांना मत नाही, आणि देशाबाहेर घालवलं तर दाद मागायची सोय नाही. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आल्यावर त्यांच्याकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं, आणि परत जाण्याची वाटही बहुतेकांपुरती बंद झाली.

श्रीमंत व्यापाऱ्याची यातून सुटका सोपी होती. त्याचा जन्म इथला असेल तर तो ब्रिटिश प्रजाजन, नसेल तर पैसे भरून तसा होऊ शके. हमालासाठी हे शक्य नव्हतं. असं असताना १९५१ पासून चेंबरने या लोकांना नागरिकत्व द्या, असा धोशा लावला. अर्ज, शिष्टमंडळं, सभा, पुन्हा अर्ज. सोबत दुसरी मागणी: विधिमंडळात इंग्रजीखेरीज इतर भाषांतही बोलू द्या. कारण मत मिळालं आणि निवडून दिलेल्या माणसाला सभागृहात आपल्या भाषेत तोंड उघडता आलं नाही, तर त्या मताला काय अर्थ?

१९५७ मध्ये नागरिकत्वाचा कायदा झाला. बरीच वर्षं राहिलेल्या परदेशात जन्मलेल्या माणसाला, निष्ठेची शपथ घेऊन, नागरिक होता आलं. चेंबर तिथे थांबली नाही. या चळवळीत आघाडीवर राहिलेले चेंबरचे पुढारी को टेक किन आणि त्यांचे सहकारी आता लोकांनी नोंदणी करावी म्हणून मागे लागले. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांचे अर्ज भरून द्यायला माणसं बसवली. १९५९ मध्ये सिंगापूरला अंतर्गत स्वराज्य मिळालं त्या निवडणुकीत हे नवे नागरिक रांगेत उभे होते.

यात चेंबरचा स्वार्थ नव्हता का? होता. चिनी मतदार वाढले की चिनी व्यापाऱ्यांचं वजन वाढणार हे त्यांना कळत होतं. पण वाढलेली मतं बहुतांशी डाव्यांकडे आणि कामगार संघटनांकडे गेली, व्यापाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. तरीही चेंबरने आपली मागणी कधी मागे घेतली नाही. याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

चेंबरने निवडणूक लढवली होती का?

स्वतःच्या नावाने नाही. १९५५ मध्ये चेंबरशी जवळीक असलेल्या मंडळींनी डेमोक्रॅटिक पार्टी काढली. लोक तिला करोडपतींचा पक्ष म्हणत. निवडणुकीच्या २५ जागांपैकी तिला २ मिळाल्या. त्यानंतर व्यापाऱ्यांनी थेट पक्ष काढण्याचा नाद सोडला.

तान लार्क स्ये यांचं नाव वादग्रस्त का?

रबरसम्राट, १९५० च्या सुमारास चेंबरचे अध्यक्ष. चिनी माध्यमाच्या मुलांसाठी विद्यापीठ हवं म्हणून १९५३ मध्ये त्यांनी नानयांग विद्यापीठाची कल्पना मांडली आणि स्वतः ५० लाख डॉलर जाहीर केले. होक्किएन संघाने ५२३ एकर जमीन दिली. सायकलरिक्षावाल्यांनी एका दिवसाची कमाई दिली, ही आठवण सिंगापूरकर अजून सांगतात. पुढे डाव्या उमेदवारांना पाठिंबा दिल्याच्या कारणावरून सरकारने त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं. घोषणा झाली १९६३ च्या निवडणुकीपाठोपाठ. ज्या संस्थेने लाखोंना नागरिकत्व मिळवून दिलं तिच्याच माजी अध्यक्षाच्या वाट्याला हे आलं. विद्यापीठ १९८० मध्ये दुसऱ्या विद्यापीठात विलीन झालं. चिनी माध्यमात शिकलेल्या जुन्या पिढीची ती जखम अजून पूर्ण भरलेली नाही.

बीच रोडवरच्या उंच स्मारकाशी चेंबरचा काय संबंध?

१९६२ मध्ये सिगलॅप भागात जमिनीखाली हाडांचे ढीग सापडले. ते १९४२ च्या सुक चिंग हत्याकांडातले बळी होते. अवशेष शोधून काढणं, मडक्यांत भरणं आणि त्यांना सन्मानाने जागा देणं ही जबाबदारी चेंबरने उचलली. भरपाईच्या मागणीसाठी ऑगस्ट १९६३ मध्ये सिटी हॉलसमोर लाखभर लोकांची सभा झाली. १९६६ मध्ये जपानने ५ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं, अर्धे अनुदान आणि अर्धे कर्ज.

स्मारकाच्या बाबतीत पंतप्रधान ली क्वान यू यांची भूमिका होती की ते फक्त चिनी बळींचं नसावं, सर्व वंशांच्या नागरिकांचं असावं. चेंबरने ते मानलं. म्हणून तिथे चार खांब आहेत: चिनी, मलय, भारतीय आणि युरेशियन समाजांसाठी. पायथ्याशी अज्ञात बळींच्या अवशेषांचे ६०६ कलश आहेत. १५ फेब्रुवारी १९६७ ला अनावरण झालं आणि दरवर्षी त्याच तारखेला चेंबर तिथे श्रद्धांजलीचा कार्यक्रम करते.

आज ही संस्था चीन सरकारच्या इशाऱ्यावर चालते का?

नाही. सिंगापूरच्या कायद्याखाली नोंदलेली ही संस्था सिंगापूरच्या नागरिकांच्या हाती आहे. परकी हस्तक्षेपाविरुद्ध सिंगापूरने २०२१ मध्ये कडक कायदा केला आहे. चीनशी सिंगापूरचे राजनैतिक संबंध १९९० मध्ये, म्हणजे आजूबाजूच्या देशांपेक्षा उशिरा सुरू झाले, तेही जाणीवपूर्वक. चीनशी व्यापार वाढवण्यात चेंबरला रस आहे हे उघड आहे, पण व्यापारातला रस आणि निष्ठा या वेगळ्या गोष्टी आहेत. चिनी वंशाच्या माणसाला पाहिलं की चीनचा माणूस समजायचं ही सवय आपल्याकडे आहे. सिंगापुरात तर तो चारचौघांत अपमान ठरतो.

मुंबईतही चिनी वस्ती होती. तिथे अशी चेंबर का झाली नाही?

संख्या कमी होती हे एक कारण. माझगावचं १९१९ चं चिनी देऊळ अजून उभं आहे, शिवडीला दफनभूमी आहे. पण १९६२ च्या युद्धानंतर देशभरातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळी इथल्या छावणीत ठेवलं गेलं. त्यांतले बरेच भारतात जन्मलेले होते. नंतर कितीतरी कुटुंबं कॅनडाकडे निघून गेली. नागरिकत्वाची खात्री नसलेला समाज दुकान चालवू शकतो, पण सरकारपुढे उभी राहणारी संघटना बांधणं त्याला कठीण जातं. देवळीचा विषय आपण महाराष्ट्रातही मोकळेपणाने बोलायला हवा असं मला वाटतं.

सिंगापुरात चिनी बहुसंख्य आहेत. मग आता वेगळ्या चेंबरची गरज काय?

प्रश्न रास्त आहे. रहिवाशांत चिनी सुमारे ७४ टक्के आहेत. पण सिंगापुरात भारतीयांची चेंबर आहे, मलयांची आहे, परदेशी कंपन्यांची आहे आणि २००२ पासून सर्वांवर सिंगापूर बिझनेस फेडरेशन आहे. ५ लाख सिंगापूर डॉलर किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेली कंपनी कायद्यानेच फेडरेशनची सभासद होते. म्हणजे मोठ्यांचा आवाज तिथे पोचतोच. चिनी चेंबरकडे उरतो तो तीन पिढ्यांचं दुकान, छोटा कारखाना, मँडरिनमध्ये व्यवहार करणारा वयस्क मालक. त्यांच्यासाठी ती गरजेची आहे.

छोट्या दुकानदाराला तिचा प्रत्यक्ष उपयोग काय?

सरकारी अनुदानाचे अर्ज, डिजिटल बिलिंग, ऑनलाइन विक्री, कामगार मिळवणं यासाठी चेंबरमध्ये एक सल्ला केंद्र चालतं. अशी केंद्रं इतर चेंबरांमध्येही आहेत, त्यांना सरकारच्या एंटरप्राइझ सिंगापूर या संस्थेचं पाठबळ आहे. सिंगापुरातल्या ९९ टक्के कंपन्या छोट्या-मध्यम गटात मोडतात आणि सुमारे ७० टक्के रोजगार त्यांच्याकडे आहे, म्हणून सरकारलाही हा पूल हवा असतो.

जागतिक चिनी उद्योजक संमेलन यांचंच का?

होय, कल्पना यांचीच. पहिलं १९९१ मध्ये सिंगापुरात झालं. नंतर साधारण दोन वर्षांनी एकेका शहरात: हाँगकाँग, बँकॉक, व्हँकुव्हर, मेलबर्न, नानजिंग वगैरे. २०११ मध्ये पुन्हा सिंगापूर, २०१९ मध्ये लंडन.

सिंगापूरला गेल्यावर काय बघता येईल?

हिल स्ट्रीटची इमारत आणि तिच्या दारातली नऊ ड्रॅगनांची भित्तिचित्रं. तिथे पूर्वी वी आ हूड या तिओच्यू व्यापाऱ्याचा वाडा होता, तो पाडून १९६० च्या दशकात ही इमारत झाली. वाडा गेला याची हळहळ वाटते. बॅलेस्टियर भागात ताई जिन रोडवर सन यत-सेन स्मारक आहे. अर्धा दिवस हाताशी असेल तर हे नक्की पाहा.

मला सिंगापुरात माल विकायचा आहे. या चेंबरकडे जाऊ का?

घरगुती मसाले, लोणची, आयुर्वेदिक वस्तू असा माल भारतीय ग्राहकांसाठी असेल तर आधी तिथल्या भारतीय चेंबरकडे जा. ती १९२४ पासूनची आहे. कुठल्याही समाजाच्या ग्राहकासाठी असेल तर एंटरप्राइझ सिंगापूर आणि बिझनेस फेडरेशनपासून सुरुवात करा. चिनी चेंबरचा उपयोग होतो तो तुमचा वितरक किंवा घाऊक खरेदीदार चिनी वंशाचा असेल तेव्हा. त्या धंद्याचा संघ चेंबरचा सभासद असतो आणि त्या संघामार्फत ओळख निघाली तर दार लवकर उघडतं. भारत-सिंगापूर आर्थिक सहकार्य करार २००५ पासून लागू आहे. त्याचा लाभ हवा असेल तर तुमच्या मालाचा भारतातला मूळ देशाचा दाखला आधी काढून ठेवा. सिंगापुरात अन्नपदार्थ आयात करणाऱ्याकडे परवाना लागतो, तो तुमच्या वितरकाकडे आहे ना, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.